नळ्या साफ असतानाचा हृदयविकार : प्रस्तावना

वऱ्हाडातील जुन्या कोतवाल बुकाची नक्कल मिळावी म्हणून तहसील कचेरीत आज जे अर्जदार खेटे घालतात, ते बहुधा जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाचे नाव शोधत आलेले असतात. पणजोबा कोणत्या रोगाने मयत झाला याची नोंद तेथेच असते, पण तिकडे कोणाची नजर जात नाही, आणि ज्याला दाखला हवा आहे त्याची ती जावी अशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. तथापि तो रकाना वाचण्याजोगा आहे. कोतवालाने सांगावे आणि पाटील-पटवाऱ्याने लिहावे अशी वहिवाट होती, आणि सरकारच्या आरोग्य खात्याला हवे असलेले वर्ग मोजकेच होते : पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात, आणि यांपैकी कशातच न बसणारे ते इतर. या सर्वांत तापाचा वर्ग फार उदार होता. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसदाह, बाळंतरोग, क्षयाची अखेरची अवस्था, या साऱ्यांना त्याने पोटात घेतले. कारण मरणाऱ्याचे अंग तापले होते एवढे हात लावून कळत होते, आणि त्यापलीकडे कळण्याचे साधन गावात कोणापाशीच नव्हते. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला, आणि पुढे सूक्ष्मदर्शकाच्या व रक्ततपासणीच्या बळावर तापाच्या त्या मोठ्या कुटुंबातून एकेक रोग विभक्त होऊन त्याला स्वतःचे नाव व स्वतःचे औषध मिळत गेले. आज कोणी नुसत्या तापाने मेला असे सांगितले तर ऐकणारा लगेच विचारतो, कोणता ताप?

तापाची ती जागा आता ‘अटॅक’ने घेतली आहे. तिशीतला एखादा माणूस सोयाबीनच्या काढणीत, पोलीस भरतीच्या तयारीत धावताना किंवा रात्री झोपेतच कोसळतो. ठाण्यात मर्ग दाखल होतो, पंचनामा होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन झाल्याची दोन ओळींची वार्ता येते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली होणारी मर्गाची चौकशी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली होते. कलमाचा आकडा बदलला, चौकशीचा हेतू बदलला नाही. कोणी घातपात केला काय, एवढेच तिला ठरवायचे असते, आणि तो केलेला नाही असे ठरले की कागद दप्तरी दाखल होतो. यात पोलिसांना दोष देण्याचे कारण नाही. मृत्यूचे कारण वैद्यकीय दृष्ट्या प्रमाणित करण्याची जी देशव्यापी योजना आहे, तिच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंना असे प्रमाणपत्र लाभले होते. उरलेल्यांचे कारण नातलगांनी सांगितले तेच.

या एका शब्दाखाली निदान दोन वेगळ्या घटना नांदतात, आणि पुढील विवेचन समजण्यासाठी त्यांचा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. हृदयाच्या स्नायूला रक्त न मिळून त्याचा काही भाग मरतो, तो हृदयाघात. त्या वेळी माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छाती दाबून धरतो, घामाने निथळतो, बोलतो. हृदयाची विद्युत्-लय बिघडून ते रक्त ढकलण्याचेच थांबवते, ती हृदयक्रिया बंद पडणे. त्यात माणूस क्षणार्धात बेशुद्ध होतो. पहिल्या घटनेतून दुसरी उद्भवू शकते, परंतु तरुणांत ती हृदयस्नायूच्या जन्मजात जाडीमुळे किंवा लयीच्या आनुवंशिक दोषामुळे आघाताविनाही घडते. या पुस्तिकेचा विषय पहिली घटना, आणि तिच्यातही एक विशिष्ट प्रकार असा आहे : हृदयाघात झाला, हे ईसीजीने व रक्तातील ट्रोपोनिनने निःसंशय सिद्ध केले, रुग्णाला अकोल्यास किंवा नागपुरास नेऊन अँजिओग्राफी झाली, आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या ज्या धमन्यांना वैद्यक हृद्‌रोहिणी म्हणते व नातलग नुसते नळ्या म्हणतात, त्या साफ निघाल्या. ब्लॉकेज नाही, असे ऐकून घरची मंडळी देवापुढे नारळ फोडतात, रुग्णाची रवानगी ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी होते, आणि जी चौकशी या टप्प्यावर सुरू व्हावयाची, ती येथेच संपते.

वाचकाचा गैरसमज होऊ नये म्हणून एक कबुली आरंभीच देणे प्राप्त आहे. आपल्याकडील तरुणांना होणाऱ्या हृदयाघातांपैकी बहुसंख्य आघात नेहमीच्याच कारणाने, म्हणजे रोहिणीच्या भित्तीत साठलेल्या मेदाच्या थरावर गुठळी बसून होतात. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या पाहणीने दाखविले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला आघात सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतरांना जवळपास ५९ व्या. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, यांविषयी डॉक्टर जे सांगत आले आहेत ते सर्व खरेच आहे, आणि हे पुस्तक हाती धरून कोणी त्यातून सुटका मागू नये. मात्र २०१५ साली जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे आढळले की, हृदयाघाताच्या शंभर रुग्णांमागे सुमारे सहांच्या रोहिण्यांत निम्म्याहून अधिक अरुंद झालेली एकही जागा नव्हती. हे रुग्ण तुलनेने तरुण होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. त्यांना काही होत नाही, ही समजूतही त्या पाहणीने खोटी ठरविली : वर्षभरात त्यांच्यापैकी ४.७ टक्के दगावले, आणि अवरुद्ध रोहिणीच्या रुग्णांपैकी ६.७ टक्के. या अवस्थेला वैद्यकाने ‘मिनोका’ असे आद्याक्षरी नाव दिले आहे. ते निदान नाही. निदान अद्याप व्हावयाचे आहे, एवढीच त्या नावाची कबुली आहे.

हा विषय इतका काळ बाजूला का पडला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्यात विदर्भाचा धागा अनपेक्षितपणे गुंफलेला आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१२ साली असे प्रतिपादन केले की, हृद्‌रोहिणी एकाएकी बंद झाली तरी मनुष्य तत्काळ मरतोच असे नाही, आणि असा रुग्ण जिवंतपणी ओळखता येतो. आधुनिक हृदयवैद्यकाचा पाया त्या निबंधाने घातला. याच हेरिक यांनी त्याआधी दोन वर्षे, १९१० साली, ग्रेनाडा बेटातून शिकागोला दंतवैद्यक शिकावयास आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले होते. तीच सिकलसेलची जगातील पहिली नोंद. एकाच वैद्याच्या दोन शोधांपैकी एकाला राजमार्ग मिळाला आणि दुसरा आडवाटेला लागला. पुढे १९५८ साली क्लीव्हलंडमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून, संधिवाताने झडप बिघडलेल्या एका तरुणाची तपासणी चालू असता, नळीचे टोक चुकून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य तिच्यातच उतरले. त्या अपघातातून अँजिओग्राफी जन्मास आली. त्याच १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतात सिकलसेल आढळत असल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. हेरिक यांचे दोन्ही वारसे असे एकाच वर्षी पुढे सरकले, एक क्लीव्हलंडला आणि दुसरा नागपूरला. १९८० साली स्पोकेन येथील डीवूड यांनी, आघात होऊन चार तासही न लोटलेल्या रुग्णांची अँजिओग्राफी करून, शंभरांपैकी ८७ जणांची रोहिणी पुरती बंद असल्याचे दाखविले आणि गुठळी विरघळविण्याच्या व फुगा घालण्याच्या उपचारांना शास्त्राधार मिळाला. उरलेल्या थोड्यांचे काय, हा प्रश्न मात्र त्या यशाच्या जयघोषात कोणाला ऐकू आला नाही.

सिकलसेलचा उल्लेख येथे केवळ योगायोगाची गंमत म्हणून केलेला नाही. विळ्यासारख्या वाकलेल्या व ताठर झालेल्या पेशी मोठ्या रोहिणीतून निर्वेध जातात आणि स्नायूच्या आतील केशवाहिन्यांत अडकतात. मोठा पाट भरून वाहतो आहे आणि सऱ्या मात्र कोरड्या आहेत, अशी काहीशी ती स्थिती असते. अँजिओग्राफीला दिसतो तो पाट. सिकलसेलच्या रुग्णांत रोहिण्या निर्दोष असूनही हृदयस्नायू मेल्याचे शवविच्छेदनात आढळले आहे. विदर्भातील आदिवासी आणि अनेक दलित व इतर जातिसमूहांत हा दोष पिढ्यानपिढ्या आहे, याची माहिती आता शाळेतील मुलांनाही असते. तरीही छातीत दुखणाऱ्या पंचविशीतल्या मुलाची सिकलसेल चाचणी करावी हे छातीच्या डॉक्टराला सुचत नाही, आणि सिकलसेलच्या कार्डधारकाच्या हृदयाकडे पाहावे हे सिकलसेलच्या तंत्रज्ञाच्या कामात बसत नाही. दोन खाती, दोन रजिस्टरे.

सिकलसेलचे वाहक, म्हणजे ज्यांच्यात आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच तो दोष आला आहे असे लोक, सामान्यतः निरोगी आयुष्य जगतात. १९८७ साली अमेरिकी सैन्याच्या नवशिक्या जवानांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात अशा कृष्णवर्णी वाहकांत परिश्रमाच्या वेळी अकस्मात मृत्यूचे प्रमाण इतरांच्या अनेक पटींनी अधिक आढळले. २०१६ सालच्या दुसऱ्या मोठ्या पाहणीत मात्र मृत्यूचे आधिक्य दिसले नाही. मधल्या काळात सैन्याने उन्हातील कवायतीसाठी पाण्याचे व विश्रांतीचे कडक नियम सर्वांना लागू केले होते. मला या दोन पाहण्यांतील अंतर फार बोलके वाटते. पोलीस शिपायाच्या भरतीसाठी १,६०० मीटर धावावे लागते, आणि वाशीम-मंगरूळपीर-रिसोडच्या डांबरी रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात त्यासाठी धावणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला सांगावयास नको की त्यांच्यापैकी किती उपाशीपोटी, किती आदल्या रात्रीच्या तापातून उठून, आणि किती आपल्या रक्तात काय आहे हे न जाणता धावत असतात. त्यांना धावण्यापासून परावृत्त करावे असे कोणी म्हणणार नाही. नोकरी ही त्या घराची गरज आहे. चाचणी, पाणी आणि ताप असताना विश्रांती, यांना फारसा खर्च येत नाही.

आता विंचवाकडे वळू. हृदयाच्या पुस्तकात विंचू कशाला, असे शहरी वाचकास वाटेल. कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या वाचकास वाटणार नाही. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट तरुण आणि लहान मुले त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. पाठ्यपुस्तकांत याविषयी जे होते त्याचा उपयोग नव्हता, आणि विंचू वेदना देतो, जीव घेत नाही, असा शहरातल्या वैद्यकाचा सर्वसाधारण समज होता. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षण केले : आधी ओकारी व दरदरून घाम, हातपाय थंडगार, मग रक्तदाब चढतो, मग तोच कोसळतो, फुप्फुसात पाणी भरते आणि तोंडाशी फेस येतो. विष शरीरातील ॲड्रिनॅलिनवर्गीय द्रव्यांचा असा काही लोंढा मोकळा सोडते की, रोहिण्यांत कसलाही अडथळा नसताना हृदयाचा स्नायू जखमी होतो. या पूर्वलक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबासाठी वापरले जाणारे स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिले, आणि पूर्वी गंभीर रुग्णांपैकी जेथे तिसरा हिस्सा हातचा जात असे तेथे मृत्यू ही विरळा घटना झाली. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी नुसते प्राझोसिन आणि प्रतिविषासह प्राझोसिन यांची केलेली तुलनात्मक चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली, आणि २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

या कथेचे मोल केवळ विंचवापुरते नाही. ज्या आरोग्य केंद्रात धड ईसीजीचे यंत्र मिळण्याची मारामार, तेथील एका वैद्यकीय अधिकाऱ्याने, ‘हार्ट फेल’ एवढे लिहून मोकळे न होता, हृदय कशामुळे निकामी झाले असे विचारले. आणि तो प्रश्न विचारल्यामुळेच औषध सापडले. साधनांचा अभाव हे आपल्याकडे न विचारण्याचे सर्वमान्य कारण आहे. बिरवाडीच्या दाखल्यानंतर ते कारण म्हणून पुढे करणे मला कठीण वाटते.

उरलेली कारणे अशी एका गावाशी किंवा एका नावाशी बांधता येत नाहीत, म्हणून त्यांचा विस्तार पुढील प्रकरणांत केला आहे. येथे ओळख पुरे. मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ साली असे रुग्ण वर्णिले की, ज्यांना श्रम करताना काही होत नाही आणि विश्रांतीत, बहुधा उत्तररात्री वा पहाटे, छातीत कळ येते. त्यांची रोहिणी स्वतःच्या स्नायूने एकाएकी आवळली जाते आणि काही मिनिटांनी सैल पडते. अँजिओग्राफी होईतो पुरावा नाहीसा झालेला असतो. बिडी-सिगारेट हे या विकाराचे मोठे निमित्त आहे, आणि सुपारीनंतर रोहिणी आवळल्याचे वृत्तान्तही वैद्यकीय नियतकालिकांत आलेले आहेत. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा ज्या प्रदेशात पोरगेल्या वयापासून गालात असतो, आणि गुटख्यावरची २०१२ ची बंदी जेथे पानठेल्याच्या मागच्या फळीपर्यंतच पोचली आहे, तेथे या वाक्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

बाळंतपणानंतरच्या दिवसांत, आणि एरवीही तरुण व मध्यम वयाच्या स्त्रियांत, रोहिणीच्या भित्तीला आपोआप चीर पडून तिच्यात रक्त शिरते व वाट दबते. १९३१ साली एका ४२ वर्षांच्या स्त्रीच्या शवविच्छेदनात हे प्रथम वर्णिले गेले; त्यानंतर कित्येक दशके तो दुर्मीळ चमत्कार समजला गेला, कारण तरुण बाईच्या छातीत दुखले तर ते हृदयाचे असेल असे कोणाच्या मनात येत नव्हते. आजही येत नाही. निंदणाला जाणाऱ्या ओल्या बाळंतिणीच्या दुखण्याला अशक्तपणा, वात, गॅस आणि शेवटी नजर, इतकी नावे मिळतात, पण ईसीजी मिळत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा अन्याय दुहेरी आहे. पुरुषाचे दुखणे निदान चुकीच्या नावाने का होईना, इस्पितळापर्यंत पोचते.

बालपणी घसा व सांधे धरून आलेल्या तापाने द्विदल झडप आखडलेली असली की, हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळते आणि तेथील गुठळी वाहत जाऊन रोहिणीत अडकते. श्रीमंत देशांनी विसरलेला हा रोग आपण अजून विसरू शकत नाही. विषाणूंमुळे, त्यांत डेंग्यूही आला, हृदयस्नायूचा दाह होतो आणि त्याचे चित्र हुबेहूब आघातासारखे दिसते. साफ रोहिण्यांच्या रुग्णांचा हृदयाचा एमआरआय केला असता त्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांत असा दाह आढळला आहे, आणि सुमारे एकचतुर्थांशांत खरोखरीचा आघात. फवारणीच्या विषबाधेत हृदयाची लय बिघडते. वाशीमशेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीने जे शेतकरी व शेतमजूर दगावले, त्यांच्या आठवणीने तरी हे कारण वऱ्हाडात यादीबाहेर राहू नये. आणि अखेरीस, काही रोहिण्या साफ दिसतात तेवढ्या साफ नसतात : मेदाचा लहानसा थर फुटतो, गुठळी बसते, विरघळते, आणि मागे अरुंद झालेली जागा उरत नाही. जपानात १९९० साली वर्णिलेला, शोकाने वा धक्क्याने हृदयाचा फुगा होणारा विकार मुख्यतः उतारवयातील स्त्रियांचा असल्याने येथे घेतलेला नाही.

करोनाच्या लसीविषयी मौन पाळले तर वाचक पुस्तक मिटवील, म्हणून तेही. २०२१ नंतर एखाद्या तरुणाचा अकस्मात मृत्यू झाला की चावडीवर लसीचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ४७ रुग्णालयांच्या परिसरात, ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात एकाएकी मरण पावलेल्या, १८ ते ४५ वर्षे वयाच्या, वरकरणी निरोगी अशा ७२९ व्यक्तींची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली. लसीने अशा मृत्यूचा धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत तो उलट कमी होता. वाढलेला धोका दिसला तो करोनाने इस्पितळात दाखल व्हावे लागले होते त्यांना, ज्यांच्या घराण्यात अकस्मात मृत्यू झाले होते त्यांना, आणि ज्यांनी आदल्या ४८ तासांत बेसुमार मद्यपान किंवा अतिकठोर व्यायाम केला होता त्यांना. एमआरएनए जातीच्या लसीनंतर तरुण मुलग्यांत क्वचित हृदयस्नायुदाह होतो हे खरे आहे. पण आपल्याकडे दंडावर टोचली गेली ती बहुतांशी कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन, आणि त्या त्या जातीच्या नव्हेत. घराण्यातील अकस्मात मृत्यूंचा मुद्दा मात्र या चर्चेत बुडून गेला. काका असाच गेला होता, हे वाक्य सुतकात सगळे बोलतात; डॉक्टरसमोर कोणी बोलत नाही.

कारण शोधण्याचा हा आग्रह नुसत्या जिज्ञासेचा असता तर त्यासाठी कोणाला अकोल्याच्या एसटीत बसवावे असे मी म्हटले नसते. आग्रह यासाठी की, ईसीजीवरील रेघ सारखी असली तरी उपाय सारखा नाही, आणि एकाचे औषध दुसऱ्याला बाधते. आवळणाऱ्या रोहिणीला ती सैल करणारी औषधे लागतात, आणि हृदयाघातानंतर सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील काही गोळ्यांनी तिचे आवळणे वाढू शकते. चीर पडलेली रोहिणी, रुग्ण स्थिर असेल तर, बहुधा हात न लावता काही आठवड्यांत सांधते. तिच्यात स्प्रिंग घालावयास गेले तर चीर लांबण्याचे भय असते. वाहत आलेल्या गुठळीला रक्त पातळ ठेवणारे औषध दीर्घकाळ हवे, स्नायुदाहाला तीन ते सहा महिने कठोर श्रमांची मनाई हवी, सिकलसेलला पाणी, प्राणवायू, प्रसंगी रक्त आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया. फुटलेल्या मेदाच्या थराला मात्र ॲस्पिरिन व स्टॅटिन नेहमीप्रमाणेच लागतात, म्हणजे नळ्या साफ म्हणून गोळ्या बंद करणारा रुग्ण स्वतःचा घात करतो. कारण सापडतच नाही, हे म्हणणेही आता टिकत नाही : साफ रोहिण्यांच्या स्त्रियांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात रोहिणीच्या आतून प्रकाशाने घेतलेली चित्रे आणि हृदयाचा एमआरआय यांचा मेळ घातला असता शंभरांतील सुमारे ८५ जणींत कारण हाती लागले.

ही सारी शोधाशोध वाशीमसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी कशी घडावी? हे नगर म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म; राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त त्याला मदनाची क्रीडाभूमी ठरवून काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न येथेच लावून दिले, तेव्हा हृदयाच्या व्यथांचा या नगरीशी संबंध निदान हजार वर्षांचा आहे. इंग्रजी अमलात बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ साली तो मोडून अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वाटला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी सहा तालुक्यांनिशी पुन्हा वेगळा झाला. जिल्हा परत आला तरी मोठ्या दुखण्यासाठी अकोल्याची वाट सुटली नाही, आणि ती ८० किलोमीटरच्या आसपास आहे. केंद्र सरकारने मागासलेपणाच्या निकषांवर निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली व धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) जोडीला वाशीम आहे. दुसऱ्या बाजूला, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून कारंजा व शेलूबाजारहून नागपूर पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला त्यांत वाशीमचेही आहे. हृदयाचा एमआरआय उद्याच येथे होईल असे नाही. परंतु ईसीजी, ट्रोपोनिन, सिकलसेलची चाचणी, झडपेसाठी छातीची सोनोग्राफी आणि नीट विचारलेली हकिकत, एवढ्यावरच निम्मी वाट सरते. आणि या नव्या महाविद्यालयाने जिल्ह्यातील चाळिशीच्या आतल्या प्रत्येक हृदयाघाताची व अकस्मात मृत्यूची एक वेगळी नोंदवही पहिल्या तुकडीपासून ठेवावी, अशी माझी त्याच्या चालकांना विनंती आहे. दहा वर्षांनी ती वही कोणत्याही परदेशी पाहणीपेक्षा आपल्या अधिक कामाची ठरेल.

वाचकाला सांगावयाचे ते थोडके आहे. पंचविशीतला माणूस छातीत दाबल्यासारखे होते म्हणाला, घामाने भिजला, कळ जबड्यात वा डाव्या हातात उतरली, तर तो तरुण आहे या कारणाने थांबू नये, सोडा पाजून वाट पाहू नये. १०८ ला कळवून जवळच्या ज्या रुग्णालयात ईसीजी निघतो तेथे गाठावे. रस्त्यात तो बेशुद्ध होऊन श्वास थांबला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने व भराभर दाबत राहावे. पुढे अँजिओग्राफीत नळ्या साफ निघाल्या तर आनंद जरूर मानावा, आणि त्याच टेबलापाशी डॉक्टरांना विचारावे की, मग हे झाले कशाने. घराण्यात कोणी असा गेला असेल तर ते तेथेच सांगावे, आणि खर्रा, दारू, विंचूदंश, फवारणी, नुकताच येऊन गेलेला ताप किंवा नुकतेच झालेले बाळंतपण, यांपैकी काही असेल तर लाज न बाळगता सांगावे. पहिला ईसीजी, जो दुखत असताना काढला, तोच पुढच्या सर्व तपासाचा मूळ दस्तऐवज असतो, आणि तो बहुधा अशा कागदावर छापलेला असतो की, उष्णतेने व काळाने त्यावरच्या रेघा पुसट होत जातात. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढून घ्यावी.